विहिरीकडची ओळ

नदी जिथं डोंगराला वळसा घालून पुढं जाते, तिथं एक गाव होतं आणि त्या गावात एक पानमळेवाला राहत होता. नाव सिदूअण्णा. अंगानं उंच, आवाजानं खणखणीत, आणि हात तर एवढे मोठे की त्याच्या पंजात कलिंगडसुद्धा लिंबाएवढं दिसतं, असं गावातली पोरं म्हणायची. पोरांचं सोडा, पण हात खरंच मोठे होते. ते हात लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

पानवेल म्हणजे सावलीचं लेकरू. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही आणि कोरडी मातीही चालत नाही. म्हणून अण्णाच्या मळ्याला चारी बाजूंनी उंच कुड घातलेला होता. आत शेवरीच्या झाडांच्या ओळी आणि एकेका शेवरीला बिलगून एकेक वेल. बारा महिने हिरवीगार. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं तरी अंगाला ओला गारवा लागायचा. चपला मात्र कुडाबाहेर काढायच्या. पाटील येवो की पाहुणा, मळ्यात अनवाणीच जायचं, अशी तिथली रीत होती.

दरवर्षी होळीची राख थंड झाली की मळ्यात उतरण व्हायची. उतरण म्हणजे काय, तर वर्षभर शेवरीवर चढलेली वेल हलक्या हातानं सोडवायची, पानं खुडून घ्यायची, मग त्या लांबलचक वेलीचं बुंध्यापाशी वेटोळं करून ती मातीत पुरायची आणि नुसता शेंडा वर ठेवून पुन्हा शेवरीला बांधायचा. मातीत गेलेल्या पेरापेराला नवी मुळं फुटतात आणि पावसाळा सरला की पान असं येतं की बघत राहावं. पण उतरण झाल्यावर महिना-दोन महिने मळा कसा दिसतो? पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा! अण्णाच्या बापानं त्याला हे काम शिकवलं होतं, आणि बायको कोंडाबाई लग्न होऊन आल्यापासून त्याच्या जोडीनं मातीत बसत होती. त्यात कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. मळा बघायला येत होतं कोण?

दसऱ्याला मात्र सगळं गाव बघायचं. त्या दिवशी देवीला मानाचा विडा जायचा आणि तो कुणाच्या मळ्यातला, हे देवळाच्या पटांगणात ठरायचं. रीत साधी होती. ज्यानं वेल वाढवली त्यानं आपलं पान आपल्याच उघड्या तळहातावर ठेवायचं. तळहात पुरता झाकला तर विडा देवीचा. नाही झाकला, तर मान नदीपल्याडच्या मळेवाल्यांकडं. अण्णाच्या हाताएवढा हात पंचक्रोशीत नव्हता, तरी त्याचं पान दरवर्षी तो झाकून वर मनगटावर यायचं. आज्यापासून मान त्याच्या घरात होता. बाकी कशाचा नसला तरी ह्या मानाचा अण्णाला अभिमान होता, आणि तो असणारच.

मग एका वर्षी नदीला मोठा पूर आला, नदी ओलांडायचा जुना उतार वाहून गेला आणि गाड्यांची वाट बदलली. नवी वाट नेमकी अण्णाच्या मळ्याला खेटून गेली. तिथून ह्या गोष्टीतली सगळी भानगड सुरू झाली.

पहिल्यांदा एक कासार थांबला. बांगड्यांचं ओझं खाली ठेवून त्यानं कुडावरून दिसणाऱ्या हिरव्या शेंड्यांकडं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "वा रं वा! काय उंच मळा हाय!"

अण्णा आत पाणी देत होता. त्याला आधी लाजल्यासारखं झालं. मग एक गाडीवान म्हणाला, "असला मळा बघितला न्हाई." मग बाजाराला निघालेल्या बायका म्हणाल्या, "नजर लागल बाई!" अण्णाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हळूहळू त्याची सगळी कामं वाटेकडच्या कुडापाशीच निघू लागली. घरात एक जुना फेटा होता, तो बांधून तो पाणी द्यायला जाऊ लागला. शेंडे बांधताना त्यांची तोंडं वाटेकडं वळवू लागला.

कोंडाबाई म्हणाली, "आवं, त्या वाटंसंगं लगीन लावून घ्या एकदाचं. म्या वाटीन अक्षता."

"तुला न्हाई कळायचं," अण्णा म्हणाला. "माणसं लांबून येत्यात नि मळ्याचं नाव घेत्यात."

"घेऊ द्यात. पाणी विहिरीकडच्या ओळीला पोचलं न्हाई अजून, ते बघा."

होळी आली. राख थंड झाली. अण्णानं वाटेकडच्या ओळीतली पहिली वेल सोडवली, पानं खुडली, वेटोळं करून मातीत पुरली. दुसरी सोडवली. एवढ्यात कुडाबाहेर गाडी थांबली. कुडावर दोन शेंडे कमी दिसत होते.

"अरारा," गाडीवान म्हणाला. "रोग पडला वाटतं मळ्यावर."

"लई चढला हुता," मागं बसलेला म्हणाला. "चढंल ते पडायचंच."

ते हसले आणि गाडी गेली. अण्णाच्या हातातली माती हातातच राहिली. कुणी तोंडात मारावी तसं त्याला झालं. उठून ओरडावं, 'बाबांनो, ही उतरण हाय, रोग न्हाई,' असं त्याला वाटलं, पण जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीला किती वेळा ओरडून सांगणार? आणि अजून तर सगळा मळा उतरायचा होता. महिना-दोन महिने सगळी वाट 'अरारा, अरारा' म्हणत जाणार.

त्यानं हात झटकले. "औंदा उतरण न्हाई."

कोंडाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. एवढी चढलेली वेल मातीत घालायची? एका वर्षानं काय बिघडतंय?"

"तुमच्या बानं शिकवलं ते तुमाला म्या सांगू व्हय? पान बारीक हुईल. वेल खालून उघडी पडंल."

अण्णाला हे सगळं तिच्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर राग आला. "माझा मळा हाय. मला कळतंय."

कोंडाबाई गप्प बसली. पण ती गप्प बसली की बाकीच्यांनी सावध व्हावं, अशी बाई होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग विहिरीकडची ओळ माझी. तिचं म्या बघीन."

अण्णानं मान वळवून पाहिलं. विहिरीकडची ओळ अगदी मागं, कुडाच्या कोपऱ्यात होती. वाटेवरून तिचा शेंडासुद्धा दिसत नव्हता. "घे," तो म्हणाला. "तिचं काय करायचं ते कर."

कोंडाबाईनं पदर खोचला आणि एकटीनं ती ओळ उतरली. माती चाळली, शेणखत घातलं, वेटोळी पुरली, शेंडे लव्हाळ्यानं बांधले. तिच्या ओळीला कुणी वा म्हटलं नाही आणि अरारा तर नाहीच नाही.

त्या दसऱ्याला अण्णानं विहिरीकडची ओळ सोडून बाकी सगळा मळा पालथा घालून एक पान शोधलं. पटांगणात ते तळहातावर ठेवलं, तर बोटांच्या मुळाशी करंगळीएवढा तळहात उघडा राहिला. देवीच्या म्हाताऱ्या गुरवबाबांनी वाकून पाहिलं, डोळे बारीक केले, अण्णाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "झाकलंय म्हणायचं औंदाच्या साली." म्हाताऱ्या माणसांना कधी कधी मुद्दाम कमी दिसतं. अण्णानं सुटकेचा श्वास सोडला आणि घरी येताना वाटेवरूनच आला, कारण वाटेवर माणसं होती.

दुसऱ्या वर्षी तर कहर झाला. वेली शेवरीच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या. आता आणखी उंच कसं जायचं? अण्णानं बांबू आणले, शेवरीच्या वर बांधले आणि वेलींना आणखी वर चढवलं. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, त्यानं वेलींना बांबूवर. आता मळा लांबून, अगदी खिंडीतून दिसायचा. वाट विचारणाऱ्याला लोक सांगू लागले, "त्या उंच मळ्यापासनं डाव्या अंगाला वळा." आपला मळा वाटसरूंची खूण झाला, हे ऐकून अण्णाला रात्री गोड झोप लागायची.

मळ्याच्या आतलं मात्र वाटसरूंना दिसत नव्हतं. खालून वेली सुतळीसारख्या उघड्या पडल्या होत्या, पेरं वाळून कडक झाली होती. वरचे शेंडे शेवरीची सावली सोडून बाहेर पडले ते थेट उन्हात, आणि सावलीचं लेकरू ते, पिवळं पडून करपू लागलं. पानं खुडायला शिडी लागू लागली. बडा घर, पोकळ वासा!

वर्षानुवर्षं पानं न्यायला येणारा तांबोळी एकदा पानांची कवळी, म्हणजे जुडी, हातात घेऊन बराच वेळ बसला. अंगठ्यानं एक पान चोळून त्यानं मान हलवली.

"अण्णा, पान बारीक झालं. चिवट पण झालं."

"पान काय बघतोस? मळा बघ की! खिंडीतनं दिसतोय."

"दिसतोय खरा," तांबोळी म्हणाला. "पर मळा काय तोंडात घालून चावता येत न्हाई, अण्णा."

कोंडाबाई चुलीपुढं बसली होती. तिला हसू आलं, ते तिनं फुंकणीत फुंकून टाकलं.

दसरा जवळ आला तसा अण्णा गडबडला. आदल्या दिवशी तो सकाळपासून शिडी घेऊन ह्या झाडावरून त्या झाडावर चढत होता. एकेक पान तळहातावर धरून बघायचा आणि सोडायचा. वाटेवरून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, वरनं काय दिसतंय?" अण्णानं पुढचं पान धरलं. वरून त्याला एक गोष्ट चांगली दिसत होती, की उद्या आपली फजिती आहे. आज्यानं मिळवलेला, बानं जपलेला मान आपल्या हातून चाललाय, आणि तोही आपल्याच हट्टापायी. शिडीवर उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले. पण शिडीवर रडणंसुद्धा सोपं नसतं, दोन्ही हात गुंतलेले असतात. नाक पुसायचीही सोय नाही.

विहिरीकडच्या ओळीत तो गेलाच नाही. ती बायकोला देऊन टाकली होती, आणि तिथं वाटेवरून काही दिसत नसल्यामुळं गेल्या दोन वर्षांत त्यालाही तिथलं काही दिसलं नव्हतं.

दसऱ्याला पटांगण भरून गेलं. गावचे होते, नदीपल्याडचे होते, आणि उंच मळेवाल्याचा मान बघायचा म्हणून वाटेवरचे कितीतरी ओळखीचे चेहरे आले होते. कासार तर पुढंच बसला होता. गुरवबाबांनी हाक दिली. अण्णा फेटा बांधून पुढं आला, हात पसरला आणि आपल्याला सापडलेलं सगळ्यात मोठं पान त्यावर ठेवलं.

त्या अवाढव्य तळहातावर ते पान बेलपानाएवढं दिसत होतं.

आधी सगळ्यांनी माना पुढं काढून पाहिलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, मूठ मिटा जरा!" आणि पटांगण खदखदलं. "पान उंचावरनं पडलं, म्हणून आखडलं!" दुसरा म्हणाला. ज्यांनी दोन वर्षं 'वा' म्हटलं तेच सगळ्यात जास्त हसत होते. गुरवबाबांनी डोळे बारीक करून पाहिलं, पण इतके बारीक डोळे त्यांनाही करता येईनात. ते नदीपल्याडच्या मंडळींकडं वळू लागले.

अण्णानं मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला कोंडाबाई दिसली. बायकांच्या ओळीत ती देवीच्या ओटीचं ताट घेऊन बसली होती. ताटात खण, नारळ, हळकुंड आणि ओल्या फडक्यावर पानं. ओटीसाठी दरवर्षी न्यायची तशीच पानं, पण ती पानं बघून अण्णा पुढं वाकला. काळसर हिरवी, तुकतुकीत, आणि एकेक सुपाएवढं. आता सुपाएवढं नसेल, पण अण्णाला तेवढं दिसलं.

"थांबा, गुरवबाबा!" तो ओरडला. दोन ढांगांत तो ताटापाशी गेला, वरचं पान उचललं आणि तळहातावर ठेवलं. तळहात झाकला, बोटांची मुळं झाकली आणि देठ मनगटाच्या पुढं आला.

पटांगणात एकच कल्ला झाला. कासार उठून नाचायला लागला. "वा रं वा! उंच मळ्याचं पान! म्या म्हणलं हुतं का न्हाई?"

गुरवबाबांचा चेहरा फुलला. रीतीप्रमाणं त्यांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला, "पान कुणी वाढवलं?"

दरवर्षी अण्णा छाती पुढं काढून म्हणायचा, "म्या." ह्या वर्षीही एवढंच म्हणायचं होतं. मळा त्याचाच, बायको त्याचीच, पान त्याच्याच हातावर. कुणी हरकत घेणार नव्हतं. कोंडाबाईसुद्धा खाली बघून नारळाची शेंडी सारखी करत होती. मान राहणार होता, वाट पुन्हा 'वा' म्हणणार होती.

अण्णानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे पान उंच मळ्यातलं न्हाई," तो म्हणाला. आवाज जरा फुटला, पण खणखणीत होता. "हे विहिरीकडच्या ओळीतलं हाय. ती वाटंवरनं दिसत न्हाई. दोन साल म्या उतरण केली न्हाई, लोक काय म्हणतील म्हणून. हिनं केली. वेल हिनं वाढवली, तर हातबी हिचाच पायजे."

एवढं बोलून त्यानं ते पान बायकोपुढं धरलं. कोंडाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं लग्न होऊन आली त्या दिवशी पाहिलं असेल.

"इश्श, म्या कशाला," ती म्हणाली. पण गुरवबाबांनी हात करून बोलावलं आणि बायकांनी तिला मागून ढकलत पुढं आणलं. तिनं हात पसरला. कामानं खरबरीत झालेला, नखात मळ्याची माती असलेला तो लहानसा हात त्या पानाखाली दिसेनासाच झाला.

"हिचा हातच कुठं दिसंना!" गुरवबाबा म्हणाले. "मान त्याच घरात ऱ्हायला. हात तेवढा बदलला."

लोक पुन्हा हसले, पण ह्या वेळी अण्णाही हसत होता, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसत होता.

पुढं होळी आली. राख नीट थंडही झाली नसेल, अण्णा मळ्यात हजर. फेटा घरी, चपला कुडाबाहेर. पण केल्या कर्माचं फळ समोर होतं. दोन वर्षं चढलेल्या वेली वाळून कडक झाल्या होत्या. सोडवायला गेलं की कितीतरी वेली हातात कटाकट मोडल्या. प्रत्येक वेल मोडली की अण्णा "चुकलं गं बाई" म्हणायचा, वेलीलाच. ज्या वाचल्या त्या त्यानं तान्ह्या पोरासारख्या उचलून वेटोळं करून मातीत निजवल्या. जिथं वेली गेल्या तिथं शेवरीखाली जागा मोकळी पडली. कोंडाबाईनं आपल्या ओळीतले जोमदार शेंडे खुडून बेणं काढलं, ओल्या मातीत, दाट सावलीत एकेक कांडी लावली. मागच्या एका ओळीतून पुढचा सगळा मळा पुन्हा उभा राहायचा होता. वेळ लागणार होता, आणि ह्या वेळी अण्णाला घाई नव्हती.

दोघं असे गुडघे मातीत रोवून बसलेले असताना कुडाबाहेर गाडी थांबली.

"अरारा," कुणीतरी हळहळलं. "एवढा उंच मळा, सगळा गेला की वं!"

कोंडाबाईनं हळूच नवऱ्याकडं पाहिलं. अण्णानं हातातली वेल मातीत ठेवली, वरून दोन मोठ्या ओंजळी माती सारली, हलकेच दाबली आणि बसल्या जागेवरूनच ओरडला,

"ग्येला न्हाई पाव्हणं! मुळं धराय खाली बसलाय. दसऱ्याला या पान खायला. पर चपला भाईर काढून या!"

तात्पर्य: ये-जा करणाऱ्यांच्या 'वा'साठी जो नुसताच चढत राहतो, त्याची पानं लहान होत जातात. जो चार लोकांचं 'अरारा' सोसून वेळेवर मातीत बसतो, त्यालाच नवी मुळं फुटतात. आणि मान दुसऱ्याच्या कष्टाचा असेल, तर तो ज्याचा त्याच्या हातावर ठेवावा. आपला हात रिकामा होतो, पण घर भरलेलं राहतं.